कारणांची वही

प्रिय भिंगरी,

तुझी निवड झाल्याला आज तेवीस दिवस झाले आणि मी अजून तुझं धड अभिनंदन केलेलं नाही. तू बातमी सांगायला फोन केलास तेव्हा मी ‘अगं बाई!’ म्हणाले, मग ‘थांब, दूध उतू जातंय’ म्हणाले आणि फोन ठेवून दिला. दूध वगैरे काही नव्हतं. गॅससुद्धा पेटलेला नव्हता. मी ओट्याला टेकून उभी राहिले, माझा चेहरा बघून तुझ्या भावजींनी विचारलं की कोणी गेलं का. म्हटलं, नाही हो, कोणी गेलं नाही, आमची भिंगरी जाणार आहे. एवढं बोलून मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले आणि तिथे एकेक कपडा असा झटकला की दोन शर्टांची बटणं उडाली.

सहा माणसं, चौदा महिने, एक बंद घुमट. दुसऱ्या ग्रहावर राहायचा सराव. आतच पिकवायचं, आतलंच पाणी गाळून पुन्हा प्यायचं, आतलीच हवा. आणि पुढे खरोखर जायची वेळ आली तर यांच्यातलेच दोघे जाणार. त्या सहांमध्ये मातीशिवाय टोमॅटो पिकवणारी माझी धाकटी बहीण! खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी मला जिन्यात अडवलं, म्हणाल्या, ‘बहिणीचा फोटो आलाय की पेपरात. तुम्हीही काही करता का असं?’ मी म्हटलं, मी शीतगृहात फळं थंड ठेवते. त्या ‘छान छान’ म्हणाल्या. त्या ‘छान छान’नं माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो अजून शांत व्हायचाय. त्यात तुझं ते डॉक्टरांचं एक कलम अडलेलं आहे आणि ते माझ्यापाशी अडलेलं आहे, हे मी विसरलेले नाही. त्याच्याबद्दलच लिहायचंय. पण मला थेट तिथे जाता येत नाही, थोडं मागून यावं लागतंय. वाच शांतपणे.

दोन रविवारांपूर्वी बाबांकडे गेले होते. दुकान बंद करायचं त्यांनी शेवटी ठरवलंच, तुला माहीत आहे. म्हणाले, आता लोक कॉम्प्युटर दुरुस्त करत नाहीत, नवा आणतात, मी इथे बसून कोणाची वाट बघू? मागची खोली आवरायचं काम माझ्याकडे आलं. आपला तो कॉम्प्युटर अजून तिथेच आहे गं! तो कोण दंतवैद्य दुरुस्तीला टाकून गेला आणि पुन्हा फिरकलाच नाही, त्याचा. ‘येईल, माणूस आहे, विसरला असेल’ म्हणत बाबांनी सव्वीस वर्षं त्याची मालकी जपली आणि आपण तेवढ्यात त्याच्यावर निम्मी आकाशगंगा वसवली.

आठवतं ना, ग्रहांचा खेळ. कॉम्प्युटर एक, पडदा एक आणि शत्रू दोन. एकीची पाळी चालू असताना दुसरीनं खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचं. पाळी संपली की खुर्चीच्या पाठीवर दोनदा टकटक. तू किती इमानदारीत बसायचीस! मी मुद्दाम वेळ लावायचे, तरी हूं का चूं नाही. भिंतीवरच्या रंगाच्या पोपड्यांमध्ये तुला प्राणी दिसायचे, त्यांची नावं ठेवत बसायचीस.

आणि कारणांची वही. ती कल्पना बाबांचीच. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी विचारायचे, ‘कॉम्प्युटर हवाय कशाला?’ अर्धी गिऱ्हाइकं त्या प्रश्नानं पळून गेली असतील. आपण ग्रहांवरून एकमेकींच्या झिंज्या धरायला लागलो तेव्हा त्यांनी तोच कायदा आपल्याला लावला. नवा ग्रह घ्यायचा तर आधी वहीत कारण लिहायचं. कारण नाही तर पाळी नाही. खोटं कारण लिहिलं तरी चालेल, म्हणाले, पण लिहायचं.

ती वही मला सापडली. कीबोर्डच्या ढिगाखाली होती, निळ्या पुठ्ठ्याची, तुझ्या शाईच्या डागांसकट. मी आवरायचं सोडून खोक्यावर बसले आणि सगळी वाचून काढली. तुझी कारणं वाचून हसू येत होतं. ‘इथून दोन सूर्य दिसतात.’ ‘नाव आवडलं.’ ‘बर्फाखाली पाणी असेल असं वाटतं.’ ‘इथे कुणीच जात नाही, त्याला वाईट वाटत असेल.’ असल्या ग्रहांवर तू जहाजं पाठवायचीस, जिथे ना धातू ना इंधन, आणि मग हरायचीस. आणि दर वेळी तोच प्रश्न, की जहाज मोडून घरं बांधायची तर माणसं परत कशी येणार? मी म्हणायचे, परत यायचंच नसतं वेडे, जिंकायचं असतं. तू तरी एक जहाज न मोडता बाजूला उभं करून ठेवायचीस. मला ते बघून चीड यायची. इतकी चांगली जहाजं फुकट घालवते म्हणून.

माझी कारणंही वाचली मग. सुरुवातीला ‘लोखंड आहे’, ‘इंधन आहे’, ‘मोक्याची जागा’. पुढे पुढे एकच कारण. ‘भिंगरी जवळ आली आहे.’ मी मोजली. एकसष्ट ग्रह घेतले मी त्या वहीत, त्यातले अडतीस तू जवळ आलीस म्हणून. काही तर शुद्ध दगड होते. मला नको होते. पण तुझं जहाज तिकडे वळलं की मी आधी जाऊन तिथे झेंडा रोवायचे.

आता तू विचारशील, भिंतीकडे तोंड असताना तुझं जहाज कुठे वळलं ते मला कसं कळायचं. त्या खोलीत सुट्या भागांचं काचेचं कपाट होतं. मान थोडी डावीकडे केली की काचेत पडदा दिसायचा. उलटा, पण दिसायचा. मी पाच वर्षं तुझी प्रत्येक चाल बघितली आहे, भिंगरी. तू म्हणायचीस, ‘ताईला आपोआप कळतं.’ आईलाही सांगायचीस मोठ्या कौतुकानं. मी ते कौतुक गिळलं आणि ढेकरही दिला नाही.

गेले तेवीस दिवस मी टीव्हीवर तुमच्या संस्थेच्या लोकांना ऐकते आहे. माणसांनी दुसऱ्या ग्रहावर का जायचं, हे प्रत्येक जण वेगळंच सांगतो. एक म्हणतो, पृथ्वीवर काही आभाळ कोसळलं तर वंश टिकायला हवा. दुसरा म्हणतो, तिथल्या खाणी. तिसऱ्याला शोध घ्यायचाय, चौथ्याला देशाचं नाव करायचंय. सगळे नीट कपडे घालून, नीट बोलतात. मी बटाटे सोलता सोलता त्यांच्याशी भांडते. म्हणते, सांगा ना खरं, शेजारचा निघालाय म्हणून निघालात. तो निघाला नसता तर तुम्ही अंगणात खुर्च्या टाकून चंद्र बघत बसला असतात. भावजी म्हणतात, त्यांना ऐकू जात नाही. मला मात्र नीट ऐकू जातं, कारण ते मी मलाच सांगत असते.

कारण मीही अर्ज केला होता.

आता खाली बस. जाहिरात आधी मीच पाहिली होती. कात्रण तुला मीच पाठवलं, आठवतं? ‘बघ, तुझ्यासारख्या येडचापांसाठी काढलंय’ असं वर लिहून. गंमत म्हणून पाठवलं होतं. मला स्वतःला जायचं काही सुचलंसुद्धा नव्हतं. मला घर आहे, नवरा आहे, गुडघे आहेत. पण आठ दिवसांनी तुझा फोन आला की तू अर्ज भरलास. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माझा भरला. हवा आणि थंडावा सांभाळणारं माणूस त्यांनाही हवंच होतं, आणि अठरा वर्षं मी दुसरं केलंय काय? सासरचं आडनाव असल्यामुळे कोणाच्या काही लक्षात आलं नाही. ‘नात्यातलं कोणी उमेदवार आहे का’ ही चौकट मी कोरी सोडली. भावजींना ट्रेनिंगला चालले असं सांगितलं. त्यांना खरं कळलं ते मुलाखत होऊन गेल्यावर. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘जा की. पण कशाला?’ बाबांचा प्रश्न, बाबांच्याच चालीवर.

मुलाखत चांगली झाली. मशीनवरचं सगळं मला येत होतं. माणसानं दुसऱ्या ग्रहावर का राहावं या प्रश्नावर मी मानवजातीचा वारसा वगैरे इतकं अस्खलित बोलले की माझं मलाच कौतुक वाटलं. मग कोपऱ्यातल्या एका चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, ‘समजा, दुसरं कोणीच जाणार नसेल, तरी जाल?’ मी पटकन हो म्हणाले. जरा जास्तच पटकन. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. येताना बसमध्ये मी तोच प्रश्न स्वतःला विचारून पाहिला आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

तू तुझं उत्तर मला फोनवर वाचून दाखवलं होतंस. ‘तिथे काही उगवतं का ते बघायचंय.’ एक ओळ. मी मनात म्हटलं, ही काही निवडली जात नाही. तुझी झाली निवड, आणि मी राखीव यादीत. पहिला नंबर. म्हणजे तुम्हा सहांतलं कोणी गळलं, तर मी.

आता त्या कलमाकडे येते. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू वैद्यकीय अर्जात सगळं खरं लिहिलंस. ‘लहानपणी बंद खोलीत अडकले होते, तेव्हापासून दार बंद करून झोपू शकत नव्हते, असं घरचे सांगतात.’ तुला कोणी विचारलं होतं का गं? पण लिहिलंस. आणि आता डॉक्टर म्हणतात, जवळच्या नातेवाइकाचं लेखी निवेदन येईपर्यंत प्रवेश नाही. शुक्रवारपर्यंत आलं नाही तर राखीव यादी. नातेवाईक म्हणून तू नाव दिलंस माझं. ‘ताईला सगळं आठवतं,’ म्हणालीस. तो कागद माझ्याकडे येऊन बारा दिवस झाले. चमच्यांच्या खणात आहे. तू दोनदा विचारलंस, पाठवलास ना, आणि दोन्ही वेळा मी हो म्हणाले. मग परवा तू रडतच फोन केलास, की संस्थेत अजून पोहोचला नाही. मी टपालाच्या नावानं बोटं मोडली.

बघ कसं जुळून आलं होतं. मला खोटंसुद्धा बोलायला लागणार नव्हतं. शुक्रवार येऊ द्यायचा आणि जाऊ द्यायचा. बारा दिवस मी रोज तो खण उघडून चमचा घेत होते आणि खण बंद करत होते. वाईट वाटत होतं असं म्हणणार नाही. मजा वाटत होती. आपण पहिल्यांदा हिच्या पुढे आहोत, अशी. पुढे तर मी कायमच होते, पण ते कपाटाच्या काचेमुळे.

त्या दिवशीचं काय काय आठवतं तुला? तू आठ वर्षांची, मी बारा. मी एक सबंध तारामंडळ चहूबाजूंनी घेरत आणलं होतं आणि मधला एक ग्रह तू घेतलास. वहीत कारण लिहिलंस, ‘ताई जिंकणारच आहे, एवढा एक मला राहू दे.’ ते पान आहे अजून. ते वाचून माझं डोकंच फिरलं. तू मागच्या कोठीत खोकी आणायला गेलीस आणि मी बाहेरून कडी लावली. पाच मिनिटं ठेवायचं असं ठरवलं होतं. पाच मिनिटांनी कडी ओढली तर ती निघेना. गंजलेली होती, मी रागात ठोकून बसवली होती. बाबा गिऱ्हाइकाकडे गेलेले. मी दार बडवत होते, ओरडत होते, आणि आतून तुझा आवाजच नाही. मला वाटलं तू मेलीस. तो पाऊण तास मी कसा काढला ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

बाबांनी स्क्रू काढून दार उघडलं तेव्हा तू आत मॉनिटरच्या खोक्यांचं जहाज करून बसली होतीस. एका खोक्याला पेननं भोक पाडून खिडकी केली होतीस. डोळे मिचकावत बाहेर आलीस, माझ्या तोंडाकडे पाहिलंस, आणि बाबांनी विचारायच्या आत म्हणालीस, ‘मीच आत गेले होते, दार अडकलं.’ मग मला विचारलंस, ‘पाळी कोणाची?’

त्यानंतर आपल्या खोलीचं दार उघडं राहू लागलं. आईला झोपेतलं मुसमुसणं ऐकू यायचं, ती यायची, दार उघडं दिसायचं. ती धरून चालली की अडकली ती तू, म्हणजे घाबरतेस ती तूच. ‘आमची भिंगरी दार लावू देत नाही हो,’ असं सगळ्या नातेवाइकांत झालं, आणि इतक्यांदा झालं की तुलाही ते खरं वाटायला लागलं. भिंगरी, मुसमुसायचे मी. तू तर डाराडूर झोपायचीस, अंथरुणाच्या बाहेर पाय टाकून. उठून दार उघडायचे मी. आई आली की मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचे, नाव तुझं पडायचं, आणि मी ते पडू दिलं.

अजून तशीच आहे मी. शीतगृहात माझ्या जॅकेटच्या खिशात एक लाकडी पाचर असते. थंड खोलीत शिरताना मी ती दाराखाली ठोकते. आतून उघडायची मूठ प्रत्येक दाराला आहे, मीच दर सोमवारी तपासते, तरी ठोकते. आमचा गोदामवाला रोज ओरडतो, ‘ताई, सगळी थंडी बाहेर चालली!’ मी म्हणते, जाऊ दे, तुझ्या घरची आहे का. अठरा वर्षांत मी एकदाही ते दार माझ्यामागे पूर्ण लागू दिलेलं नाही. आणि अशी मी चौदा महिने घुमटात राहायला निघाले होते, का, तर भिंगरी जवळ आली आहे.

तर मुद्द्याचं. आज सकाळी मी तो कागद खणातून काढला आणि भरला. टपालावर विश्वास नाही म्हणून, आणि माझ्यावर तर त्याहून नाही म्हणून, भावजींना सोबत घेऊन स्वतः संस्थेच्या कचेरीत नेऊन दिला आणि पोच घेतली. कडी कोणी लावली, आत कोण शांत होतं, बाहेर कोण ओरडत होतं, दार कोण उघडायचं, सगळं लिहिलंय. पाचरेचंही. खाली नाव लिहून सही केली, आणि ते नाव त्यांच्या राखीव यादीत पहिलं आहे हेही त्यांना शोधायला लागू नये म्हणून लिहून टाकलं, आणि ते नाव तिथून खोडा असंही. नक्कल सोबत जोडली आहे, आणि वहीसुद्धा. आत नेता आली तर ने. आईबाबांना दाराचं मी या रविवारी सांगेन, तू मध्ये पडून ‘मीच आत गेले होते’ म्हणू नकोस. मला आनंद झालाय असं मी लिहिणार नाही, तुला ते खरंही वाटणार नाही. मी जळते आहे, आणि तू आत जाशील त्या दिवशी पेपर घेणार नाही. पण वहीच्या शेवटच्या पानावर मी एक ओळ घातली आहे, माझा बासष्टावा ग्रह, जो मी घेतला नाही, आणि पुढे कारण लिहिलंय, ‘भिंगरी आधी पोहोचली.’ तुझ्या खुर्चीच्या पाठीवर दोनदा टकटक केली आहे असं समज. मी भिंतीकडे तोंड केलंय, आणि या वेळी खरंच बघत नाही.

तुझीच,
ताई